रक्तशुद्धीचा दावा आणि ग्लुटामेटची जनुके

‘स्किझोफ्रेनिया आनुवंशिक असतो’ असे कुणी म्हटले की आपल्यातले काही कार्यकर्ते लगेच उसळतात. जनुकशास्त्र म्हणजे मनुवादाचेच नवे रूप, असे म्हणून मोकळे होतात. मला हे मान्य नाही. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. खोटी आहे ती तिच्या नावावर रचलेली माणसांची उतरंड. ती कशी रचली गेली, हे जर्मनीत पाहावे.

म्युनिकच्या एर्न्स्ट रुडीनने १९१६ साली शेकडो कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. निरोगी आईबापांच्या घरात रुग्णाच्या भावंडांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जणांना हा आजार आढळला. एकाच अप्रकट जनुकाचा प्रश्न असता तर हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास यायला हवे होते. म्हणजे त्याचाच आकडा त्याला सांगत होता की मामला सरळ नाही. पण १४ जुलै १९३३ रोजी हिटलर सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यात स्किझोफ्रेनिया घातला आणि त्या कायद्याचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत हाच रुडीन होता! सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली. पुढे ऑगस्ट १९४१ पर्यंत ७० हजारांहून अधिक रुग्ण व अपंग गॅसने मारले गेले.

रुडीनचा शिष्य फ्रान्झ कालमन. १९३५ मध्ये त्याने रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांचीही नसबंदी करावी असे मांडले. हा कालमन स्वतः ज्यू वंशाचा. १९३६ साली त्यालाच अमेरिका गाठावी लागली.

त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातीच्या रक्तशुद्धीचा दावा फोडला. बेटीबंदी रक्तासाठी म्हणता, मग रोटीबंदी कशासाठी? एका पंगतीत जेवल्याने रक्त कसे बिघडते? या प्रश्नाचे उत्तर जातिसमर्थकांकडे तेव्हा नव्हते, आजही नाही.

खरी जनुके हाती लागायला मात्र त्यानंतर कित्येक दशके गेली. धागा एका भुलीच्या औषधातून सापडला. १९५० च्या दशकात फेन्सायक्लिडीन दिलेले काही रुग्ण शुद्धीवर येताना भ्रमिष्टासारखे वागत. हे औषध मेंदूतील ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा एनएमडीए रिसेप्टर अडवते, हे पुढे १९८० च्या दशकात कळले. २०१४ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी निगडित १०८ ठिकाणे मिळाली. त्यांत याच रिसेप्टरचा एक भाग बनवणारे ग्रिन२ए हे जनुकही होते. २०२२ मध्ये ७६ हजारांहून अधिक रुग्ण तपासले तेव्हा ठिकाणांची संख्या २८७ झाली. यातल्या बहुतेक बदलांचा एकेकट्याचा परिणाम अगदी किरकोळ असतो आणि ते तुमच्या-माझ्यासारख्या निरोगी माणसांतही विखुरलेले असतात. ग्रिन२ए मधले काही अतिदुर्मिळ बदल धोका बराच वाढवतात. पण असे जबर बदल पुष्कळदा आईबापांत नसतातच, मुलात नव्याने घडतात. कुणाचे रक्त ‘शुद्ध’ करून ते कसे थांबवणार? शिवाय तपासलेले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. त्यावरून भारतातल्या कुठल्या जातीबद्दल बोलणे ही निव्वळ थाप आहे.

टोरी आणि योल्कन या अमेरिकन संशोधकांनी २०१० मध्ये हिशेब मांडला. नाझी काळात स्किझोफ्रेनियाच्या किमान २ लाख २० हजार रुग्णांची नसबंदी किंवा हत्या झाली, असा त्यांचा अंदाज. जर्मनीतल्या त्या वेळच्या रुग्णांपैकी बहुतेक सगळेच यात गेले. आणि युद्धानंतर तिथे दरवर्षी नव्याने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण मोजले, तर ते अपेक्षेपेक्षा जास्तच निघाले.