शोधून शिकणें आणि शिकविणें

भोर तालुक्यांतील हिर्डोशी हें गांव नीरेच्या खोऱ्यांत, वरंध घाटाच्या वाटेवर आहे. गांवाचें नांव ऐकतांच हिरड्याचें स्मरण होतें. हिरड्याची पूड पाण्यांत भिजवून तींत गंजका खिळा टाकला तर पाणी हळूहळू काळें पडतें. जुनी शाई अशाच गुणावर होत असे. “हिरड्यांत टॅनिन असतें” असें फळ्यावर लिहिलें म्हणजे तास लवकर आटोपतो. परंतु खिळ्याऐवजीं तांबें घातलें तर, हिरड्याऐवजीं बेहडा घेतला तर काय होईल, हें मुलांनींच करून पाहावें असें ठरलें कीं शिक्षकाची खरी कसोटी सुरू होते.

ही रीत नवी नव्हे. लंडन येथील रसायनशास्त्राचे अध्यापक हेन्री आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा हिरिरीनें पुरस्कार केला. विद्यार्थ्यास शक्य तितकें कमी सांगावें व शक्य तितकें त्याचें त्यास शोधूं द्यावें, हें त्यांचें सूत्र. ही पद्धति फार वेळ खाते, हा आक्षेप तेव्हांपासूनचा आहे.

आपल्या देशांत तिचा मोठा प्रयोग महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, नर्मदाकांठच्या होशंगाबाद (आतां नर्मदापुरम्) जिल्ह्यांत झाला. १९७२ सालीं किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं तो सोळा शाळांत आरंभिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील व दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञ साहाय्यास आले. १९७८ मध्यें तो जिल्हाभर पसरला. आमच्या मतें त्याचा गाभा साहित्याच्या पेटींत नसून शिक्षकांच्या तयारींत होता. प्रथम शिक्षकच टोळ्याटोळ्यांनीं प्रयोगास बसत, चुकत, वाद घालीत. पुढें मासिक बैठकींत वर्गांतील अडचणी मांडीत. परीक्षेंतही पुस्तक उघडें ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासावयाचें नव्हतें. तीस वर्षांनीं, २००२ सालीं, शासनानें हा उपक्रम बंद केला.

इकडे मुंबईस १९७४ मध्यें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झालें. पाठ्यपुस्तकाची जड भाषा हाच मुलांच्या वाटेंतील एक अडसर आहे, हें तेथील व्ही. जी. कुलकर्णी यांनीं अभ्यासानें दाखविलें. ज्या मुलास वाक्यच कळलें नाहीं, तें शंका तरी कसली विचारणार? हिरडा ओळखणाऱ्या मुलाला ‘टॅनिन’ हा शब्द प्रयोगानंतर भेटला तरच तो त्याचा होतो.

या इतिहासावरून आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे: २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि २०२० चें शिक्षणधोरण हीं दोन्ही शोधून शिकण्याची शिफारस करितात; पण शिफारशीनें शिक्षक घडत नाहीं. उत्तर ठाऊक असून तें ओठांवर रोखून धरणें, आणि ठाऊक नसल्यास “चला, करून पाहूं” असें न लाजतां म्हणणें, हें सरावानें येतें. त्या सरावास वेळ, सोबती आणि वरिष्ठांचें अभय लागतें. हीं तीन दिल्यावांचून डोंगराआडच्या शाळेकडे नवें पुस्तक तेवढें धाडलें, तर मुलें हिरड्याचे गुण पाठ करतील आणि हिरडा तसाच झाडाखालीं पडून राहील.