खैरागढचे कुलगुरू आणि लंकेचे विद्यार्थी

आपण वारासिवनीकर मराठी माणसे मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की हमखास नागपूरच्या दिशेने बघतो. पुढची पिढी पुणे, हैदराबाद, बंगळूर म्हणते, एवढाच फरक. ज्या मुलाला गाण्याची किंवा चित्रांची ओढ आहे, त्याच्यासाठीसुद्धा आपली नजर आधी त्याच बाजूला जाते. लांजीच्या पलीकडे, मैकलच्या डोंगरांआड खैरागढ आहे आणि तिथे फक्त कलांसाठी काढलेले विद्यापीठ आहे, हे आपल्याला ऐकून माहीत असते. पण त्याचे पहिले कुलगुरू आपल्यासारखेच मराठी घरातले होते आणि समुद्रापलीकडच्या एका अख्ख्या देशाच्या गाण्यावर त्यांचा ठसा उमटला, ही गोष्ट आपल्या घरांतून सहसा सांगितली जात नाही. यंदाच्या स्मरणिकेत ती सांगावी असे आम्हांला वाटले.

आधी भूगोल सरळ करून घेऊ. जुन्या मध्य प्रांतात बालाघाट जिल्हा नागपूर विभागात मोडत असे. स्वातंत्र्यानंतर त्या प्रांताचे मध्यप्रदेश झाले तरी राजधानी नागपूरच राहिली आणि खैरागढचे संस्थानही त्याच राज्यात विलीन झाले. खैरागढचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची इंदिरा नावाची मुलगी लहानपणीच गेली. तिला गाण्याची आवड होती. तिच्या नावाने त्यांनी आपला कमलविलास महाल संगीत शिकवण्यासाठी देऊन टाकला. त्यातूनच इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. उद्घाटन झाले 14 ऑक्टोबर 1956 रोजी, इंदिरा गांधी यांच्या हस्ते. त्या दिवशी दसरा होता. त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. साहजिकच सगळ्यांच्या आठवणीत तो दिवस नागपूरचा म्हणून राहिला.

त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्यांची फेररचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, आपण आणि खैरागढ नव्या मध्यप्रदेशात राहिलो. पुढे 2000 साली छत्तीसगढ झाले आणि खैरागढही आपल्या राज्यातून गेले. आपण जागचे हललो नाही, सीमाच दोनदा हलल्या. नागपूर तुटले तेव्हा घराघरांत हळहळ झाली. खैरागढ तुटले तेव्हा कोणी फारसे बोललेही नाही.

या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आले पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. शिष्यांचे अण्णासाहेब. जन्म मुंबईचा, तालीम भातखंडे यांच्याकडे आणि बडोद्यात आग्रा घराण्याच्या उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे. ‘सुजान’ या नावाने त्यांनी केलेल्या बंदिशी आजही गायल्या जातात. भातखंडे यांच्या खटपटीने 1926 साली लखनौला मॅरिस कॉलेज निघाले आणि 1928 पासून अण्णासाहेब त्याचे प्राचार्य झाले. तीसेक वर्षे त्यांनी ते सांभाळले. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ही सारी त्यांचीच शिष्यमंडळी.

इथे एक आडवळण घेणे भाग आहे. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. घरोघरच्या उस्तादांकडून त्यांनी बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांचा ‘हिंदुस्तानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ मराठीत आहे, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. त्यातली मते सगळ्यांना पटली असे नाही. घराण्याचे गवई तेव्हाही नाके मुरडत होते आणि थाटांवरचा वाद आजही मिटलेला नाही. पण लिहून ठेवलेले गाणे वर्गात शिकवता येते, त्याची परीक्षा घेता येते, आणि परक्या देशातून आलेल्या मुलालाही ते ठरावीक वर्षांत शिकता येते. गुरूच्या घरी पाणी भरून बारा वर्षे राहायला कोलंबोचा मुलगा कसा येणार? परदेशी विद्यार्थ्यांसाठी दार उघडले ते या वह्या-पुस्तकांमुळे.

कोलंबोचेच नाव का घेतले, तर सिंहली लोकांना उत्तर हिंदुस्थानी गाण्याचे वेड जुने आहे. नकाशात बघितले तर त्यांना कर्नाटक संगीत जवळचे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या कोलंबोला जाऊ लागल्या आणि त्यांच्या चाली तिकडच्या रंगभूमीने उचलल्या. जॉन डी सिल्व्हा यांच्या 1903 च्या ‘सिरिसंगबो’ नाटकातले ‘दन्नो बुदुंगे’ हे पद सिंहली घरांत आजही सगळ्यांना पाठ असते. त्याची चाल आपल्याकडून गेलेल्या विश्वनाथ लौजी यांनी बांधली. 1934 साली रवींद्रनाथ ठाकूर आपली मंडळी घेऊन लंकेत गेले, होरणा गावी ‘श्रीपाली’ या कलासंस्थेची पायाभरणी त्यांच्या हातून झाली. मग तरुण मुले शांतिनिकेतनला आणि लखनौला येऊ लागली.

त्यांतलेच एक सुनील शांत. शांतिनिकेतनात शिकून ते लखनौला आले, 1944 साली तिथली विशारद झाले आणि मायदेशी परतले. गाणी मात्र त्यांनी हिंदुस्थानी रागांची नक्कल करून केली नाहीत. सिंहली बोलीचा स्वतःचा ठेका, स्वतःची चाल शोधायचा त्यांनी प्रयत्न केला आणि रेडिओ सिलोनवर ते अतिशय लोकप्रिय झाले. 1952 साली रेडिओ सिलोनने कलाकारांची प्रतवारी लावायचे ठरवले. परीक्षक म्हणून बोलावले ते लखनौच्या प्राचार्यांना, म्हणजे आपल्या अण्णासाहेबांना. सुनील शांत यांनी परीक्षेला बसायला साफ नकार दिला. ज्या कॉलेजात ते शिकले त्याच कॉलेजच्या प्राचार्यांसमोर! सिंहली गाणे सिंहली आहे की नाही, हे हिंदुस्थानी गाण्याच्या मापाने ठरवायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. रेडिओचे दार त्यांना बंद झाले आणि पुढची कित्येक वर्षे ओढगस्तीत गेली.

या प्रसंगाकडे आपण कसे बघायचे? मराठी माणसाचा मोठेपणा सांगायला बसलेल्या लेखात तो गाळून टाकणे सोपे होते. अण्णासाहेब विद्वान आणि त्यांना यजमानांनीच मानाने बोलावले होते, यात शंका नाही. पण आमच्या मते सुनील शांत यांचा मुद्दाही खरा होता. शिकवायला जाणे निराळे आणि कसोटी लावायला जाणे निराळे. आपल्याच नातेवाइकांत बघा: आपल्या घरची मराठी पुण्याच्या पाहुण्यांनी ‘हिंदी मिसळलेली’ म्हणून हसण्यावारी नेली की कसे वाटते, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाहुणा चुकत नसतो, त्याचे माप त्याच्या गावचे असते.

दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक आनंदाची आहे. अल्बर्ट परेरा नावाचा तरुण व्हायोलिन शिकायला लखनौला आला. तिथे त्याला गुरू मिळाले विष्णु गोविंद जोग, आपल्या वाईचे. अण्णासाहेबांचेही मार्गदर्शन होतेच. हा तरुण पुढे अमरदेव या नावाने लंकेचा सर्वांत लाडका गायक-संगीतकार झाला. त्याने राग शिकून घेतले, पण गावी परतल्यावर लोकगीतांच्या चाली आणि रागदारी यांचा असा मेळ घातला की लोकांना तो पूर्णपणे आपला वाटला. मालदीवच्या राष्ट्रगीताला 1972 साली चाल दिली ती अमरदेव यांनीच. 2001 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2002 साली भारताची पद्मश्री. वाईच्या जोगांचा शिष्य दुसऱ्या देशाचा मानबिंदू होतो आणि तिसऱ्या देशाच्या राष्ट्रगीताला चाल देतो, हे आपल्या किती घरांत माहीत आहे?

लखनौची ही सगळी शिदोरी घेऊन अण्णासाहेब खैरागढला आले आणि 1960 पर्यंत राहिले. मुंबई-लखनौची वस्ती सोडून रेल्वे नसलेल्या गावात यायचे, राजवाड्याच्या दालनांत वर्ग बसवायचे, संगीताला विद्यापीठाच्या पदवीची चौकट द्यायची. साठीकडे झुकलेल्या माणसाला हे सोपे नव्हते. गायन-वादनाच्या जोडीला इथे नृत्य, चित्रकला, शिल्प, छापचित्रे, नाट्य, लोकसंगीत असे विभाग वाढत गेले. लखनौप्रमाणेच खैरागढलाही श्रीलंकेची मुले-मुली येत राहिली. भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती मिळाली की शिक्षणशुल्क आणि राहण्या-जेवणाचा भत्ता मिळतो. सिंहली बोलणारी मुलगी छत्तीसगढी बाजारात भाजी घेते आणि ब्रजभाषेतली बंदिश गाते, हे दृश्य खैरागढला नवलाचे नाही.

एक मात्र खटकते. ती मुले आपले गाणे शिकून जातात, पण त्यांचे आपण काय शिकलो? कँडीच्या नाचात वाजतो त्या ‘गेट बेरय’ ढोलाचे नावसुद्धा आपल्याकडे कोणी ऐकलेले नसते. देवाणघेवाणीत देवाण आपली आणि घेवाण त्यांची, असा हिशेब बरीच वर्षे चालला आहे.

घेण्याचे उदाहरण हवे तर आपल्या उत्तरेच्या शेजारी, मंडला जिल्ह्यात सापडते. बाबरिया इथे 1922 साली जन्मलेले सय्यद हैदर रझा. नागपूरच्या चित्रशाळेत बापूराव आठवले यांच्या हाताखाली शिकले, मग मुंबईचे जे. जे., आणि 1950 साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला. 1956 साली, म्हणजे खैरागढचे विद्यापीठ निघाले त्याच वर्षी, पॅरिसमध्ये त्यांना समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. 1962 साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठाने त्यांना शिकवायला बोलावले. गोंदिया-जबलपूरच्या जुन्या छोट्या लाईनवर नैनपूरला गाडी बदलून ज्या मंडल्याला आपण जात होतो, त्या मुलखातला हा मुलगा. फ्रान्समध्ये साठ वर्षे काढून त्यांनी चितारला तो बिंदू, जो प्राथमिक शाळेतल्या मास्तरांनी चंचल पोराचे लक्ष लागावे म्हणून भिंतीवर काढून दिला होता. 2016 साली त्यांचे दफन मंडल्यातच, वडिलांच्या कबरीशेजारी झाले.

खैरागढला जायचे असेल तर गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी धरून राजनांदगावला उतरावे. तिथून खैरागढ चाळीसेक किलोमीटर, बस मिळते. मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या, आणि वर्ग चालू असतील अशाच दिवशी जा, म्हणजे महालाच्या खिडक्यांतून रियाज ऐकू येईल.