व्हिक्टोरिया बंदर आणि ते ओलांडणारी शर्यत

हाँगकाँग बेट आणि कौलून द्वीपकल्प यांच्यामधील व्हिक्टोरिया बंदर पोहून पार करण्याची वार्षिक शर्यत १९०६ साली सुरू झाली. मूलतः युरोपीय सभासदांचे असलेले व्हिक्टोरिया रिक्रिएशन क्लब हे क्रीडामंडळ तिच्या मागे होते. याच पाण्यावर १८८८ साली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईहून गेलेल्या पारशी गृहस्थाने प्रवासी बोटींची कंपनी काढली होती आणि तीच पुढे स्टार फेरी म्हणून नावारूपाला आली. तेव्हा पैलतीरी जाण्यासाठी पोहण्याची गरज कोणालाच उरली नव्हती, आणि शर्यतीला जी प्रतिष्ठा लाभली ती नेमक्या या अनावश्यकतेमुळेच, असे म्हणावे लागते.

कौलूनकडील त्सिम शा त्सुईहून बेटाकडे जाणारा जुना मार्ग मैलभराच्या आसपास होता. बंदरातील भरती-ओहोटीचा प्रवाह पूर्व-पश्चिम, म्हणजे पोहणाऱ्याला आडवा वाहतो. त्यामुळे नाकासमोर पोहणारा भलतीकडेच लागतो आणि वेगाइतकेच महत्त्व प्रवाहाच्या अंदाजाला येते. पुढे गव्हर्नर ज्या धक्क्यावर समारंभपूर्वक उतरत, त्या क्वीन्स पिअरपाशी शर्यत संपू लागली. वसाहतीच्या या मिरवणुकीत चिनी जलतरणपटूही आपली जागा मिळवत गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये उतरलेली यांग शिऊ-छियुंग ही त्यांतील सर्वांत गाजलेली.

जपानी ताब्याच्या काळात शर्यत थांबली, पण तिला खरी खीळ घातली ती सांडपाण्याने. युद्धोत्तर काळात लोकसंख्या झपाट्याने वाढली, दोन्ही किनाऱ्यांवरील मैला जवळजवळ प्रक्रियेविना बंदरात जाऊ लागला, आणि १९७८ नंतर शर्यत बंद पडली. खेळाडूंची वा प्रेक्षकांची वाण पडली नव्हती. पाणीच पोहण्यालायक राहिले नव्हते. पुढील ३३ वर्षांचा हा खंड शहराच्या वाढीबद्दल विजेत्यांच्या यादीपेक्षा अधिक सांगतो. २००१ साली मैला खोल बोगद्यांतून स्टोनकटर्स बेटावरील केंद्रात नेऊन, रसायनांच्या साह्याने त्यातील गाळ खाली बसवण्याची, म्हणजे प्राथमिक शुद्धीकरणाची, योजना कार्यान्वित झाली. जंतुनाशनाची सोय २०१० साली आली. तरीही २०११ साली पुन्हा सुरू झालेली शर्यत बंदराच्या पूर्व टोकाला, लेई यू मुन ते क्वारी बे अशीच घ्यावी लागली, कारण हाँगकाँग बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील उरलेला मैला योजनेत येण्यास २०१५ चा डिसेंबर उजाडला.

२०१७ साली शर्यत बंदराच्या मध्यभागी परतली, तेव्हा अंतर सुमारे एक किलोमीटर होते. २०१९ ते २०२२ ही वर्षे पुन्हा कोरडी गेली आणि २०२३ पासून ती परत होऊ लागली. दरम्यान क्वीन्स पिअर २००८ साली भरावाच्या कामासाठी पाडला गेला होता. २०१७ ची शर्यत बेटावरील वान चायच्या ज्या धक्क्यावर संपली, तो समुद्र बुजवून केलेल्या जमिनीच्या काठाला आहे. १९०६ च्या स्पर्धकांच्या वेळी तेथे पाणीच होते.