रोग, विटाळ आणि रोजी

रोगाला जात नसते, असे आपण शाळेत शिकलो. ते खरेच आहे. परंतु रोग्याला जात असते, वर्ग असतो. तो बाई आहे की पुरुष यालाही अर्थ असतो. एचआयव्हीचा आपल्याकडील इतिहास याची साक्ष देतो.

देशातील पहिली लागण १९८६ साली मद्रासमध्ये उघडकीस आली. त्यानंतर शासनाला प्रथम आठवले ते कुलूप. गोव्यात आरोग्य कायद्यात दुरुस्ती होऊन बाधितांना अलग डांबण्याची तरतूद झाली. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या रक्तदान करणाऱ्या तरुणाला ६४ दिवस कोंडून ठेवले गेले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला. हा विषाणू स्पर्शाने पसरत नाही, हे वैद्यकाला तेव्हाही ठाऊक होते. मग हे कोंडणे कशासाठी? ज्यांच्या पिढ्या गावकुसाबाहेर गेल्या, त्यांना याचे उत्तर सांगावे लागत नाही. विटाळच शास्त्राचा अंगरखा घालून परत आला होता.

विटाळाला जोड मिळाली लाजेची. लैंगिक आरोग्यावर उघड बोलणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले. परंतु शरीराविषयीचे अज्ञान हीही गुलामगिरीच, ही जाण आपल्या चळवळीच्या वारशात आहे. एड्सच्या काळात हा वारसा आपण किती चालवला?

पुढे १९९७ साली एक मजूर न्यायालयात गेला. सार्वजनिक क्षेत्रातील एका उपक्रमाने केवळ एचआयव्हीच्या कारणाने त्याचे काम तोडले होते. अंगात कामाची ताकद पुरेपूर होती. त्याचे नाव गुप्त ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, काम करू शकणाऱ्याची रोजी अशी हिरावता येणार नाही. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत औषध मोफत मिळू लागले. २०१७ साली भेदभावाला मनाई करणारा कायदा झाला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला.

आता हे सारे यवतमाळ जिल्ह्यात आणून पाहा. वणी, उमरखेड ही तालुक्याची गावे जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभरेक किलोमीटरवर. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचे किलो शून्य. गोळी रोज, आयुष्यभर घ्यायची असते. ती नियमित घेतली तर विषाणू दबतो, माणूस दीर्घकाळ जगतो, लैंगिक संबंधातून लागणही पुढे जात नाही. परंतु कामासाठी परमुलखात गेलेल्याचे, ओळखीचे कोणी पाहील म्हणून दवाखाना टाळणाऱ्याचे, उपाशीपोटी गोळी गिळणाऱ्याचे काय? त्यांची गोळी चुकते. मग व्यवस्था म्हणते, रोगी बेफिकीर आहे.

सर्वांत मोठी शिक्षा विधवेला. नवऱ्याकडून रोग घेतलेल्या बाईलाच कुलक्षणी ठरवून घराबाहेर काढले जाते. नवऱ्याच्या मिळकतीत तिला १९५६च्या वारसा कायद्याने वाटा आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच झगड्याचे ते फळ. २०१७च्या कायद्याने तिचा घरात राहण्याचा हक्कही मान्य केला आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ जागृतीचे फलक लावून थांबू नये. विधवेसोबत तलाठ्याकडे जावे, सातबाऱ्यावर तिचे नाव चढवून घ्यावे. डोक्यावर छप्पर आणि घरात धान्य असेल, तरच ती औषधाची पुढली तारीख पाळू शकेल.