महाराजांची भूमिका

पतित धर्मगुरूची भूमिका नटास सोपी वाटते आणि तेथेंच तो बहुधा फसतो. डोळे वटारले, विकट हास्य केलें, कीं प्रेक्षकांचा निकाल आधींच लागतो. २०२४ सालीं निघालेल्या ‘महाराज’ या हिंदी चित्रपटांत यदुनाथजी महाराजांचें काम करतांना जयदीप अहलावत यांनीं ही वाट टाळली आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें शिकलेल्या या नटाचे महाराज सहसा आवाज चढवीत नाहींत. त्यांच्या ओठांवर मंद स्मित असतें. आपली आज्ञा कोणी मोडील ही कल्पनाच ज्याला कधीं शिवली नाहीं, अशा माणसाची ती शांति आहे. आणि ती पाहून अंगावर कांटा येतो.

परंतु प्रस्तुत लेखक पडला इतिहासाचा शिक्षक. खरे यदुनाथजी असेच होते काय, हा प्रश्न त्याला सुटत नाहीं.

वल्लभ संप्रदायाचे महाराज हे वल्लभाचार्यांचे वंशज. मुंबईंतील भाटिये व वाणी व्यापारी त्यांना तन, मन, धन अर्पण करीत. महाराजांस कोर्टांत उभें राहावें लागूं नये म्हणून १८५९ सालीं भक्तांकडून एक करारपत्र करून घेण्यांत आलें. सुधारकांनीं त्याला ‘गुलामीखत’ म्हटलें. पुढें २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाश’ पत्रांत करसनदास मुळजी यांनीं लेख लिहून, महाराज भक्तांच्या स्त्रियांस भ्रष्ट करतात असा उघड आरोप केला व त्यांत यदुनाथजींचें नांव घातलें. महाराजांनीं पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. कोर्ट टाळण्यासाठीं ज्या मंडळींनीं भक्तांच्या सह्या घेतल्या, त्यांच्यापैकींच एकानें आपण होऊन कोर्टाचें दार ठोठावलें! 

याचें कारण, मला वाटतें, या गृहस्थाच्या स्वभावांत आहे. यदुनाथजी हे मंदिरांत बसून केवळ पाय पुजून घेणारे नव्हते. १८६० सालींच कवि नर्मदाशंकरांशीं विधवाविवाहाच्या प्रश्नावर त्यांनीं मुंबईंत जाहीर वाद केला होता. वाद घालण्याची त्यांना हौस होती, आणि वादांत आपण हरूं असें त्यांच्या मनांत येत नसावें. हा वादपटु महाराज पडद्यावर मला फारसा दिसला नाहीं. पडद्यावर सत्तेची गुर्मी आहे, तीहि उत्तम आहे. पण युक्तिवादाची गुर्मी हा निराळा विकार आहे.

महाराजांविरुद्ध कोणीं साक्ष देऊं नये असा कट भाटिया जातींतील कांहीं पुढाऱ्यांनीं केला, व त्याबद्दल त्यांना दंड झाला. मुख्य खटला २५ जानेवारी १८६२ रोजीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत सुरू झाला. (हायकोर्ट त्याच वर्षीं ऑगस्टांत आलें.) न्यायमूर्ति सॉसे व आर्नोल्ड यांच्यापुढें करसनदासांतर्फे बॅरिस्टर अँस्टी उभे होते. चित्रपटांत खटल्याचा भार नायकाच्या वक्तृत्वावर पडतो, तें नाटकाच्या दृष्टीनें क्षम्य आहे. परंतु प्रत्यक्षांत महाराजांना जड गेली ती वैद्यांची नीरस साक्ष. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडींतील पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं आपण यदुनाथजींवर उपदंशाचे उपचार केल्याचें शपथेवर सांगितलें. रोग्याचें गुपित वैद्यानें उघडें करावें काय, हा प्रश्न सोपा नाहीं. मात्र महाराजांनीं आपलें वर्तन शुद्ध असल्याचें त्याच कोर्टांत सांगितलें होतें, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे.

२२ एप्रिल १८६२ ला निकाल लागला. आरोप खरे ठरले. खर्चाबद्दल करसनदासांना ११,५०० रुपये मिळाले. महाराजांना कैद झाली नाहीं, कीं त्यांची गादी गेली नाहीं. होणार तरी कशी? ते आरोपी नव्हते, वादी होते.

एकशेंबासष्ट वर्षांनीं संप्रदायाच्या कांहीं अनुयायांच्या अर्जावरून गुजरात हायकोर्टानें चित्रपट तात्पुरता रोखला, आणि न्यायाधीशांनीं तो स्वतः पाहून २१ जून २०२४ रोजीं मोकळा केला. चित्रपट त्याच दिवशीं लोकांपुढें आला. मीं तो दोनदां पाहिला. दुसऱ्या वेळीं केवळ अहलावतांसाठीं. त्यांच्या मुद्रेवरचें तें स्मित पाहतांना, दाव्याच्या कागदावर सही करतांना खऱ्या यदुनाथजींच्या मुद्रेवर काय असेल, हाच विचार मनांत येत राहिला.