डेबियनमधील ‘शिफारस’ : एका मधल्या शब्दाचा इतिहास

इंदूरहून भोपाळकडे निघाले आणि देवास मागे पडले की कालीसिंध नदीच्या काठी सोनकच्छ लागते. माळव्यातील मराठी संस्थाने 1948 साली मध्यभारतात विलीन झाली. तरी तेथल्या काही मराठी कुळांनी देवघरातले मराठी सोडले नाही. सोनकच्छला आमच्या परिचयाचे असेच एक लहानसे देवस्थान आहे. त्याच्या विश्वस्तपत्राच्या कामानिमित्त आम्ही तेथे गेलो असता गुरुजींनी एक पावती आमच्यापुढे धरली. रक्कम होती, तारीख होती. देणगीदाराच्या नावाच्या जागी मात्र रिकाम्या चौकटींची एक रांग उमटली होती.

“वकीलसाहेब, पावतीवर भक्ताचे नावच नाही, तर संकल्पात नाव कोणाचे घेऊ?” गुरुजींनी विचारले.

ज्या तरुणाने सेवा म्हणून देवस्थानचा जुना संगणक सिद्ध केला होता तो जवळच उभा होता. त्याने त्यावर डेबियन नावाची मुक्त कार्यप्रणाली बसविली होती. तो म्हणाला, “जे अत्यावश्यक होते ते सगळे घातले आहे, गुरुजी. एकही गोष्ट राहिलेली नाही.” आणि तो खोटे बोलत नव्हता! अत्यावश्यक ते सर्व खरोखरच होते. देवनागरी अक्षरे तेवढी अत्यावश्यकांच्या यादीत नव्हती. ती ‘शिफारस’ या सदरात होती, आणि मोबाइलवरचा डेटा वाचविण्यासाठी त्या तरुणाने सर्व शिफारशी एका ओळीने नाकारल्या होत्या.

हे सदर कोणी निर्माण केले आणि त्याचा अर्थ कोण ठरवितो, याचा शोध घेता जो इतिहास हाती लागला तो आमच्या व्यवसायाच्या माणसास फारच ओळखीचा वाटला.

डेबियनची घोषणा इयन मर्डॉक या तरुणाने 16 ऑगस्ट 1993 रोजी केली. ही प्रणाली कोणासही घेता, वाचता, बदलता व वाटता येते. ती एकसंध नसून हजारो पॅकेजांची मिळून झालेली आहे, आणि प्रत्येक पॅकेज सांभाळणारा स्वयंसेवक निराळा असतो. एका पॅकेजास दुसऱ्याचा आधार लागतो. तो आधार किती लागतो हे त्या पॅकेजाच्या नोंदीत लिहावे लागते. ‘डीपीकेजी’ हे पॅकेजे बसविणारे साधन इयन जॅक्सन यांनी 1994 साली नव्याने लिहिले, आणि या आधाराच्या तीन पायऱ्या डेबियनमध्ये रुजल्या : ‘डिपेंड्स’, ‘रेकमेंड्स’ आणि ‘सजेस्ट्स’. तिसऱ्या पायरीचे जुने नाव ‘ऑप्शनल’, म्हणजे ऐच्छिक, असे होते. ते नाव पुढे मागे पडले; पण जुन्या नोंदी वाचता याव्यात म्हणून साधनाने त्याची ओळख ठेवली.

आमच्या वाचकांस या तीन पायऱ्या समजावून सांगण्यास दूर जावयास नको. गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य या पंचोपचारांवाचून पूजा झाली असे आपण म्हणत नाही. षोडशोपचार हे नेहमीच्या देवळात नेहमीच होतात. प्रवासात वा आजारपणात ते राहिले तरी चालते. छत्र, चामर, नृत्य, गीत हे राजोपचार ऐपत असेल त्याने करावेत. डेबियनचे धोरण जवळजवळ याच शब्दांत बोलते. डिपेंड्सवाचून पॅकेज बसूच शकत नाही. रेकमेंड्समधील वस्तू विशेष कारण नसेल तर सोबत असावयाची. सजेस्ट्समधील वस्तूने उपयोग वाढेल, नसली तरी तक्रार नाही. मीमांसकांनीही नित्य कर्म यथाशक्ति करावे, एखादे अंग राहिले तरी ते सिद्ध होते, काम्य कर्म मात्र सर्वांगपूर्ण हवे, असा निर्णय केव्हाच देऊन ठेवला आहे. स्वतः वकील असलेल्या महामहोपाध्याय काण्यांनी असल्या प्रश्नांत आयुष्य वेचले ते काही उगीच नव्हे.

पहिली आणि तिसरी पायरी सोपी. भांडण सदैव मधल्या पायरीचे. आरंभीच्या काळी ‘डीसिलेक्ट’ हे निवडीचे साधन अशी शिफारस आली की ती वापरणाऱ्यापुढे मांडीत असे, आणि होय की नाही हे त्याने सांगावयाचे. मार्च 1999 मध्ये डेबियनच्या 2.1 आवृत्तीबरोबर ‘ॲप्ट’ हे नवे साधन आले. त्यातील ‘ॲप्ट-गेट’ शिफारशी वाचून दाखवी, पण आणीत नसे; त्याचाच भाऊबंद ‘ॲप्टिट्यूड’ मात्र त्या आपण होऊन आणी. एकाच कलमाचा दोन न्यायासनांनी दोन अर्थ लावावा, तसे हे झाले. कोणत्या साधनाने बसविले यावर त्याच प्रणालीचे रूप ठरू लागले. अखेर 14 फेब्रुवारी 2009 रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘लेनी’ या पाचव्या आवृत्तीपासून ॲप्ट-गेटनेही शिफारशी आपण होऊन आणाव्यात असे ठरले. नाकारण्याचा हक्क राहिला. पण आता मौन म्हणजे संमती झाली. कायद्यात पुराव्याचा भार एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेला म्हणजे किती उलथापालथ होते हे ज्यांनी कोर्टात पाहिले आहे, त्यांस या फरकाचे महत्त्व सांगावयास नको.

या प्रकरणातील खरा खटला 2012 सालचा. ‘ग्नोम’ हे मेजपटल, म्हणजे पडद्यावरील सारी मांडणी, एकत्र आणणारे एक पॅकेज डेबियनमध्ये आहे. जाळ्याशी जोडणी सांभाळणारे ‘नेटवर्क मॅनेजर’ हे आधीच्या आवृत्तीत त्याच्या शिफारशींत होते. ग्नोम सांभाळणाऱ्यांनी ते उचलून ‘ग्नोम-कोअर’ या गाभ्याच्या पॅकेजाच्या अनिवार्य आधारांत घातले. त्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती : ग्नोमचा संपूर्ण अनुभव त्यावाचून मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उलट पक्षाचे म्हणणे असे की, ज्यांनी आपली जोडणी अन्य साधनाने वर्षानुवर्षे नीट चालविली आहे, त्यांच्या यंत्रात नव्या आवृत्तीबरोबर ही नको असलेली वस्तू शिरेल, आणि चाललेली जोडणी कदाचित बंद पडेल. वाद डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला. ज्यांनी डीपीकेजी लिहिले ते जॅक्सनही तेव्हा या समितीचे सदस्य होते.

डेबियनला 1998 साली मंजूर झालेली एक घटना आहे, आणि तिच्याप्रमाणे एखाद्या स्वयंसेवकाचा निर्णय फिरवावयाचा तर समितीत तिनास एक असे बहुमत लागते. म्हणजे ज्याच्या हाती पॅकेज, त्याचा अधिकार सहजासहजी हिरावला जात नाही. तरीही समितीने निर्णय फिरविला : अनिवार्य आधार उतरवून पुन्हा शिफारस करावी. समितीने नेटवर्क मॅनेजरला वाईट ठरविले नाही, हे आम्हांस विशेष वाटते. ज्याला ते नको आहे त्याला नाही म्हणता आले पाहिजे, एवढाच तो निकाल होता. आम्ही तो निकाल योग्य मानतो. ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील अंतर पुसून टाकण्याचा मोह प्रत्येक कार्यकारी मंडळास होतो. देवस्थानच्या घटना लिहिताना तो आम्ही पुष्कळ वेळा पाहिला आहे.

अन्य प्रणालींनाही ही मधली पायरी घ्यावी लागली. फेडोरासारख्या प्रणाली ज्या आरपीएम पद्धतीवर चालतात तिच्यात असले सौम्य आधार 2014 साली, 4.12 या आवृत्तीत आले.

ॲप्टचा आणखी एक नियम आम्हांस मोठा मौजेचा वाटला. ‘सजेस्ट्स’मुळे एखादे पॅकेज आपण होऊन येत नाही, पण आधीच आले असेल आणि कोणी ते सुचविलेले असेल, तर अनावश्यक म्हणून काढून टाकण्याच्या वेळी ॲप्ट त्यास हात लावीत नाही. आपल्याकडे मोघम आमंत्रणावर कोणी जेवावयास येत नाही, पण आलेल्यास पानावरून उठवीतही नाहीत!

आता पुन्हा त्या रिकाम्या चौकटींकडे वळू. डेबियनमध्ये मराठी मेजपटलासाठी एक कार्य-पॅकेज आहे. असली पॅकेजे आपल्याबरोबर आणावयाच्या बहुतेक वस्तू शिफारशींतच ठेवतात. शिफारशी बंद केल्या की नाव तेवढे मराठी उरते. देवनागरीसाठी ‘लोहित’ नावाचा मुक्त टंक आहे; रेड हॅट या कंपनीच्या नावातील लाल रंगावरून हे संस्कृत नाव आले. फेडोरात एके काळी लोहित मराठी आणि लोहित कोंकणी अशी निरनिराळी पॅकेजे होती. पुढे ती एका देवनागरीत सामावली गेली. हा टंक कोणाच्या अनिवार्य यादीत घालावा? जर्मनीतल्या वा ब्राझीलमधल्या माणसास त्याची गरज नाही. त्याच्यावर तो लादणे म्हणजे 2012 चाच अन्याय उलट दिशेने करणे होय. म्हणून आमची अक्षरे शिफारशीत आहेत याची खंत वाटली, तरी तक्रार करता येत नाही. मात्र शिफारस नाकारणाऱ्याने ती वाचून नाकारावी, ही अपेक्षा रास्त आहे. आणि यादी लिहिणारांत आपली माणसे असावीत, हीही. 2023 च्या सप्टेंबरात डेबियनची जागतिक परिषद कोचीस भरली. कोंकणी बांधवांनी शतकानुशतके तिरुमल देवाची सेवा केली ते हेच कोची.

सोनकच्छच्या त्या तरुणाने शेवटी काय केले ते सांगावयाचे राहिले. आम्हांस वाटले, तो शिफारशींचा दरवाजा सरसकट उघडील. त्याने तसे केले नाही. डेटा संपला असता. त्याने लोहित देवनागरीचे नाव घेऊन तेवढाच टंक वेगळा मागविला. नाव घेऊन मागविलेली वस्तू ॲप्ट ‘मालकाने मागविलेली’ अशी नोंदते, आणि पुढच्या साफसफाईत ती काढीत नाही. नवी पावती निघाली. गुरुजींनी चष्मा वर करून नाव वाचले, ‘ळ’ नीट उमटला आहे की नाही ते बोट ठेवून पाहिले, आणि संकल्पासाठी पळी हाती घेतली.