चांदी आपली, कप त्यांचा आणि मुंबईतला रग्बीचा पहिला हंगाम

गेल्या जून महिन्यात आपल्या बोरीत सगळ्यांचे डोळे आभाळाकडे होते. कोणी धूळपेरणी करून बसलं होतं, कोणी सरकीची पाकिटं घरात ठेवून वाट पाहत होतं. नेमक्या त्याच पंधरवड्यात, १५ ते २९ जून २०२५, मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात एक नवीच स्पर्धा चालू होती. रग्बी प्रीमियर लीग. संध्याकाळी मी मोबाइलवर तिचे सामने पाहत बसायचो. शेजारचा एक पोट्टा डोकावला आणि म्हणाला, "काका, हा कोणता फुटबॉल व्हय? हे तं बॉल हातात घेऊन पळून राह्यले!"

त्याला सांगितलं तेच इथे थोडक्यात सांगतो. या प्रकारात एका बाजूला सात खेळाडू असतात. चेंडू लांबट, अंड्यासारखा. तो हाताने पुढे फेकता येत नाही, मागच्या गड्याकडेच द्यावा लागतो. पलीकडच्या रेषेपार नेऊन जमिनीला टेकवला की ५ गुण, आणि मग लाथेने दोन खांबांच्या मधून काढला की आणखी २. अडवणारा सरळ कंबरेला मिठी मारून पाडतो. आपली कबड्डीतली पकड आठवा, फक्त मैदान शंभर मीटरचं. या लीगमध्ये एक सामना १६ मिनिटांचा होता, चार-चार मिनिटांचे चार भाग.

मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू आणि कलिंगा असे सहा संघ. प्रत्येक संघात १३ जण: पाच जगातले नावाजलेले, तीन रग्बीतल्या मधल्या फळीतल्या देशांचे आणि पाच भारतीय. फिजी, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना इथले खेळाडू आणि आपली मुलं एकाच जर्सीत. भारतीयांच्या लिलावात सगळ्यात मोठी बोली मोहित खत्रीवर लागली, ४ लाख ७५ हजारांची. अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला ४१-० असं धुतलं.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस बोरी अरबमध्ये बसून रग्बीवर काय लिहून राहिला? सांगतो. या खेळाचा आणि आपल्या देशाचा संबंध १५० वर्षांचा आहे, आणि तो वाचताना मला सारखा आपला कापूस आठवत होता.

१८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रज मंडळींनी रग्बीचा सामना खेळला. पुढच्याच वर्षी क्लब काढला. चार-पाच वर्षांत उत्साह ओसरला. लोक पोलोकडे, टेनिसकडे वळले. क्लब बंद करायची वेळ आली तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते २७० रुपये वितळवले आणि त्याचा एक सुंदर कप बनवून घेतला. धरायला तीन नाग, झाकणावर हत्ती. तो कप १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या 'कलकत्ता कप'साठी खेळतात, आजही. चांदी इथली, कारागिरी इथली, नाव कलकत्त्याचं. खेळ मात्र तिकडे.

मुंबईत तर १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना उभा राहिला आणि रग्बीचा तोच मोठा अड्डा बनला. पण आत यायला आपल्या माणसाला मुभा नव्हती, सभासद फक्त युरोपियन. भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामना १९३३ मध्ये याच जिमखान्याच्या मैदानावर झाला आणि आपला कर्णधार होता आपल्या नागपूरचा सी. के. नायडू. क्रिकेट तिथून बाहेर पडलं. आझाद मैदानावर गेलं, गल्लीत गेलं, आपल्या गावच्या खळ्यावरही आलं. रग्बी मात्र कितीतरी वर्षं क्लब, पलटणी आणि मोजक्या शाळांतच राहिला. भारताचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट १९९८ मध्ये. त्या संघात अभिनेता राहुल बोसही होता. आज तोच देशाच्या रग्बी संघटनेचा अध्यक्ष आहे.

आता कापसाचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने बांधली, ती आपल्यासाठी नव्हे. इथला कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून. आपल्या दारव्ह्यावरून ती जायची. लहानपणी आम्ही तिच्यात बसलो, तिच्यावर प्रेम केलं, ते खरंच आहे. पण मांडणी पहा: कच्चा माल आपला, तयार माल त्यांचा. त्या कपासारखंच.

म्हणून या हंगामाकडे पाहताना माझ्या मनात एकच प्रश्न होता. या वेळी तरी मांडणी बदलेल का?

बदलू शकते, याचे पुरावे आहेत. भुवनेश्वरला कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस नावाची आदिवासी मुलांची निवासी शाळा आहे. तिथल्या १४ वर्षांखालच्या मुलांनी २००७ मध्ये लंडनला जाऊन आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. त्याच शाळेच्या सुमित्रा नायकने २०१९ मध्ये मनिलात मारलेल्या पेनल्टीवर भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला तो आपला पहिला विजय. आपल्या महाराष्ट्रातलं नाव हवं असेल तर पुण्याची वाहबिझ भरूचा देशाची कर्णधार राहिली आहे.

आणि फिजीचं ऐका. लोकसंख्या साधारण ९ लाख. आपला यवतमाळ जिल्हा २०११ च्या जनगणनेत २७ लाखांच्या वर होता. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा एक तृतीयांश देश! त्यांनी २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये रग्बीचं सुवर्ण जिंकलं. देशाचं ते पहिलंच ऑलिम्पिक पदक. टोकियोतही पुन्हा सुवर्ण. तिथे गावागावात हिरवळीवर मुलं अनवाणी रग्बी खेळतात. त्यांच्याकडे पैसा नव्हता, मैदान होतं.

इथे माझी गाडी अडते. मी कबड्डी खेळलो ते ज्या मोकळ्या जागेवर, तिचा अर्धा भाग आज नाही. कोणी दोष कबूल करणार नाही आणि मला नावही घ्यायचं नाही, कारण हळूहळू आपण सगळ्यांनीच ती खाल्ली. आधी कडब्याची गंजी, मग ट्रॉली, मग पत्र्याचं शेड. उरलेल्या जागेत उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात गुडघाभर चिखल. तो शेजारचा पोट्टा पळायला चांगला आहे, पाय वाऱ्यासारखे चालतात. पण पळायला जातो कुठे? डांबरी रस्त्यावर, गाड्या चुकवत.

मुंबईतली लीग वाईट आहे असं मी म्हणत नाही. प्रो कबड्डीने २०१४ नंतर काय केलं ते आपण पाहिलं, गावच्या पोरांना चार पैसे आणि मान दोन्ही मिळाले. रग्बीतही मिळो. पण लीग वरून येते आणि खेळाडू खालून येतो. खाली जागाच नसेल तर पुढच्या हंगामातही आपण मोबाइलवरच पाहणार, आणि आपल्या गावातला वेगवान पोरगा उद्या कुठल्यातरी शहरात डिलिव्हरीची गाडी पळवणार.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एक विषय मांडणार आहे. गावातल्या खेळाच्या जागेची मोजणी करून घ्यायची, ती खेळाचं मैदान म्हणूनच राहील असा ठराव करायचा आणि मुरूम-माती टाकून ती सपाट करायची. रग्बीच पाहिजे असा हट्ट नाही. कबड्डी, खो-खो, धावणं, काहीही खेळा. अर्जावर सह्या लागतील. पोरांसोबत पोरींच्याही आईबापांच्या सह्या पाहिजेत, कारण मैदान नसलं की आधी पोरींचं खेळणं बंद होतं.

ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली लिहा किंवा घरी या. आणि जुन्या खेळाडूंनो, तुमच्या वेळी मैदान कुठपर्यंत होतं, कोणत्या झाडापासून कोणत्या बांधापर्यंत, ते आठवून सांगा. मोजणीच्या वेळी कामी येईल.